भारसंतुलित सर्व्हर समूहातील नेटवर्क अडॅप्टरची मांडणी : मालवण किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

प्रवेश, परीक्षा अर्ज, अंतर्गत मूल्यमापन आणि निकाल या कामांसाठी अनेक महाविद्यालये स्वतःचे सर्व्हर चालवितात. गर्दीच्या दिवशी एक सर्व्हर अपुरा पडतो, म्हणून दुसरा खरेदी केला जातो. परंतु दोन यंत्रे शेजारी ठेवल्याने त्यांच्यावरील भार आपोआप विभागला जात नाही. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याला ती दोन यंत्रे एकच भासावीत आणि एक बंद पडल्यास दुसऱ्याने काम पुढे चालवावे, हे साधते ते मुख्यतः नेटवर्क अडॅप्टरच्या योग्य मांडणीमुळे. प्रस्तुत लेखात या मांडणीमागील तत्त्वे, त्यांतील नेहमीच्या चुका आणि प्रत्यक्ष वापरापूर्वी करावयाच्या चाचण्या यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : भारसंतुलन, सर्व्हर समूह, नेटवर्क अडॅप्टर, युनिकास्ट, मल्टिकास्ट, संलग्नता, सिंधुदुर्ग.

१. प्रस्तावना

कोरोनाच्या साथीमुळे लेखी परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर आधारित असा दहावीचा निकाल १६ जुलै २०२१ रोजी जाहीर झाला. राज्यातील पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी एकाच वेळी मोजक्या संकेतस्थळांकडे वळले आणि ती संकेतस्थळे कित्येक तास प्रतिसाद देईनाशी झाली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांच्या कोकण विभागाचा निकाल त्या वर्षी शंभर टक्के लागला होता. पण उत्तीर्ण झाल्याची खात्री करून घेण्यासाठी येथील विद्यार्थ्यांनाही इतरांप्रमाणे ताटकळत बसावे लागले. त्याच महिन्यात अकरावीच्या सामायिक प्रवेश परीक्षेची नोंदणी सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तांत्रिक अडचणींमुळे थांबवावी लागली. पुढे २०२५ मध्ये अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्यात लागू झाली, तेव्हा २१ मे रोजी सुरू झालेली नोंदणी संकेतस्थळ कोलमडल्याने स्थगित होऊन २६ मेपासून पुन्हा सुरू करण्यात आली.

या घटनांचे तांत्रिक निदान करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. मात्र त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ऑनलाइन व्यवस्थेवरील भार वर्षभर समान नसतो. तो काही ठरावीक तासांत एकवटतो. २०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ इतकीच आहे. जिल्हा लहान म्हणून येथील महाविद्यालयाचा सर्व्हर लहान असला तरी चालेल, असे मानणे स्वाभाविक आहे. पण गुणवत्ता यादी लागण्याच्या दिवशी किंवा अर्जाच्या अखेरच्या दिवशी लहान महाविद्यालयाच्या सर्व्हरवरही त्याच्या कुवतीच्या कितीतरी पट मागणी येते. मसुरे, पोईप किंवा आचरा येथून एस.टी.ने मालवणला येऊन, तासाभराच्या वीज व नेटवर्कच्या भरवशावर अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला सर्व्हरने दिलेला नकार म्हणजे पुष्कळदा त्या दिवसाचा, आणि कधी कधी त्या वर्षाचा नकार असतो. म्हणून हा प्रश्न केवळ संगणक विभागाचा राहत नाही.

मालवण किनाऱ्यावरील रापणीचे उदाहरण येथे उद्‌बोधक ठरावे. जाळ्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून एकसमान ओढले गेले तरच जाळे मासळीसह किनाऱ्याला लागते. माणसे वाढविली, पण एका बाजूचा दोर मागे राहिला, तर वाढलेल्या हातांचा उपयोग होत नाही. सर्व्हर समूहाचेही तसेच आहे. यंत्रांच्या संख्येइतकेच त्यांचे परस्परांशी आणि बाहेरच्या जगाशी असलेले बंध महत्त्वाचे असतात. हे बंध ज्या सुट्या भागातून जातात, तो भाग म्हणजे नेटवर्क अडॅप्टर. बोलीत ज्याला लॅन कार्ड म्हटले जाते तोच.

२. एक पत्ता आणि अनेक यंत्रे

जाळ्यातील प्रत्येक अडॅप्टरला दोन पत्ते असतात. पहिला आयपी पत्ता. तो व्यवस्थापक ठरवितो आणि बदलूही शकतो. दुसरा मॅक पत्ता. तो अडॅप्टरच्या निर्मितीच्या वेळीच त्यावर नोंदलेला असतो. एखाद्या संगणकाला विशिष्ट आयपी पत्त्याकडे माहितीचे पाकीट पाठवावयाचे असेल, तर तो प्रथम आपल्या स्थानिक जाळ्यात विचारणा करतो की हा आयपी पत्ता कोणाचा आहे. ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता कळवितो. या विचारणेचा संकेत एआरपी या नावाने ओळखला जातो व तो नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. मधला स्विच हा कोणत्या मॅक पत्त्याकडून आलेले पाकीट आपल्या कोणत्या खाचेतून आत आले याची नोंद ठेवतो आणि पुढील वेळी त्या पत्त्याचे पाकीट केवळ त्याच खाचेतून बाहेर सोडतो.

या साऱ्या रचनेमागे एक गृहीतक आहे : एक पत्ता म्हणजे एक यंत्र. भारसंतुलित समूहात नेमके हेच गृहीतक मोडावे लागते. विद्यार्थ्यांना एकच पत्ता सांगितलेला असतो, परंतु त्यामागे दोन, चार किंवा अधिक यंत्रे उभी असतात. मग ‘हा पत्ता कोणाचा?’ या प्रश्नाला उत्तर कोणी द्यावयाचे, हा समूहाच्या मांडणीतील कळीचा प्रश्न होय. पुढे ज्या पद्धतींचा विचार केला आहे, त्या सर्व याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक मांडणी गृहीत धरू. मालवण परिसरातील एखाद्या महाविद्यालयात दोन वेब सर्व्हर आहेत. त्यांचे स्वतःचे पत्ते अनुक्रमे १९२.१६८.१०.२१ व १९२.१६८.१०.२२ असून समूहाचा सामायिक पत्ता १९२.१६८.१०.२० आहे. बाहेर जाण्याचे द्वार, म्हणजे राउटर, १९२.१६८.१०.१ येथे आहे. अर्जांची माहिती साठविणारा डेटाबेस सर्व्हर वेगळा आहे.

३. युनिकास्ट पद्धत आणि तिची किंमत

विंडोज सर्व्हर प्रणालीतील नेटवर्क लोड बॅलन्सिंग ही सुविधा आपल्याकडील अनेक संस्थांना परिचित आहे. व्हॅलेन्स रिसर्च या कंपनीने विकसित केलेले हे तंत्र मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विकत घेतले आणि पुढे विंडोज २००० च्या वरच्या आवृत्त्यांत व विंडोज सर्व्हर २००३ पासून सर्व आवृत्त्यांत ते समाविष्ट झाले. या तंत्रात मधे भार वाटणारे स्वतंत्र यंत्र नसते. समूहाकडे येणारे प्रत्येक पाकीट समूहातील प्रत्येक सर्व्हरपर्यंत पोहोचते. प्रत्येक सर्व्हर पाठविणाऱ्याच्या पत्त्यावर एकच गणित करतो, आणि ज्याच्या वाट्याला ते पाकीट येते तोच ते स्वीकारतो. इतर सर्व्हर ते टाकून देतात. म्हणजेच येथे येणारी वाहतूक विभागली जात नाही, तिच्यावरील प्रक्रिया तेवढी विभागली जाते.

युनिकास्ट पद्धतीत समूहातील सर्व अडॅप्टरांचा मूळ मॅक पत्ता झाकून त्याजागी समूहाचा सामायिक मॅक पत्ता बसविला जातो. तो ०२-बीएफ या अक्षरांनी सुरू होतो व त्यापुढे समूहाचा आयपी पत्ता सोळा-आधारी अंकांत लिहिलेला असतो. वरील उदाहरणात तो ०२-बीएफ-सी०-ए८-०ए-१४ असा होईल. दोन सर्व्हर स्विचच्या दोन खाचांवर एकच पत्ता सांगू लागले तर स्विच गोंधळेल. म्हणून बाहेर जाणाऱ्या पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता थोडा बदलून लिहिला जातो : पहिल्या सर्व्हरसाठी ०२-०१ ने, दुसऱ्यासाठी ०२-०२ ने सुरू होणारा. परिणामी सामायिक पत्ता कोणत्या खाचेवर आहे हे स्विचला कधीच कळत नाही, आणि न कळलेल्या पत्त्याचे पाकीट तो नियमानुसार सर्वच खाचांतून बाहेर सोडतो.

कोकणातील एखाद्या जुन्या घरात एकाच आडनावाची चार बिऱ्हाडे राहत असावीत आणि पत्रावर केवळ आडनाव असावे, तसा हा प्रकार आहे. कोणाचे पत्र आहे हे ठाऊक नसल्याने पोस्टमनने त्याची एकेक प्रत चारही बिऱ्हाडांतच नव्हे, तर संपूर्ण वाडीत वाटावी, असे येथे घडते. समूहापुरते हे सोयीचे आहे, कारण दोन्ही सर्व्हरना पाकीट मिळते. पण त्याच स्विचला जोडलेल्या ग्रंथालयाच्या, कार्यालयाच्या आणि प्रयोगशाळेच्या संगणकांवरही ती पाकिटे आदळत राहतात.

विद्यार्थ्यांची मागणी लहान आणि सर्व्हरचे उत्तर मोठे असते, हे या तंत्रामागील गृहीतक आहे. निकाल पाहण्याच्या बाबतीत ते खरे ठरते : बैठक क्रमांकाची काही अक्षरे आत येतात, गुणपत्रिकेचे पान बाहेर जाते. प्रवेश अर्जाच्या बाबतीत मात्र परिस्थिती उलट असते. छायाचित्र, स्वाक्षरी, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती विद्यार्थी आत पाठवीत असतो. चाळीस विद्यार्थ्यांनी एका मिनिटात प्रत्येकी दोन मेगाबाइटची कागदपत्रे पाठविली, तर सेकंदाला सरासरी साडेदहा मेगाबिटांहून अधिक वाहतूक होते, आणि स्विच ती प्रत्येक खाचेवर ओततो. जुन्या, दहा मेगाबिट वेगाच्या जोडणीवरील यंत्र यात पूर्णपणे गुदमरेल. शंभर मेगाबिटांच्या जोडणीचीही एकदशांश क्षमता विनाकारण खर्ची पडेल. प्रवेशाच्या दिवशी सर्व्हर सुरळीत चालतात, पण कार्यालयातील संगणक संथ होतात, या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे सापडते. उपाय सोपा आहे : समूहाचे पुढील अडॅप्टर स्वतंत्र स्विचवर, किंवा स्विच व्यवस्थापनक्षम असल्यास स्वतंत्र आभासी उपजाळ्यात ठेवावेत. तसे केल्याने ही वाटणी त्या उपजाळ्याच्या हद्दीबाहेर जात नाही.

४. मल्टिकास्ट पद्धत आणि राउटरचा आक्षेप

मल्टिकास्ट पद्धतीत अडॅप्टरचा मूळ मॅक पत्ता कायम राहतो आणि समूहासाठी ०३-बीएफ ने सुरू होणारा आणखी एक गटवाचक पत्ता त्याला जोडला जातो. यामुळे सर्व्हर एकमेकांशी त्याच अडॅप्टरवरून बोलू शकतात. मात्र येथे एक वेगळी अडचण उद्भवते. एका व्यक्तिवाचक आयपी पत्त्याचे उत्तर म्हणून गटवाचक मॅक पत्ता आला, तर राउटरने त्यावर विश्वास ठेवू नये, असा दंडक राउटरांसाठी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रमाणकात आहे. अनेक राउटर तो काटेकोरपणे पाळतात. अशा वेळी महाविद्यालयाच्या आतल्या संगणकांवरून समूह व्यवस्थित दिसतो, पण राउटरपलीकडून, म्हणजे घरून किंवा मोबाइलवरून पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. चाचणी केवळ प्रयोगशाळेत बसून घेतली असल्यास हा दोष प्रवेशाच्या दिवशी सकाळीच उघड होतो.

यावर उपाय म्हणजे राउटरमध्ये समूहाच्या आयपी पत्त्यापुढे त्याचा मॅक पत्ता हाताने कायमचा नोंदविणे. स्विच व्यवस्थापनक्षम असेल तर त्यातही हा पत्ता कोणकोणत्या खाचांवर सोडावा, हे नोंदवून सर्वत्र होणारी वाटणी थांबविता येते. आयजीएमपी या गटसंकेताची जोड दिलेली तिसरी पद्धत हेच काम अंशतः आपोआप करते. तिच्यात समूहाचा मॅक पत्ता ०१-००-५ई-७एफ ने सुरू होतो आणि संकेत समजणारा स्विच तो केवळ समूहाच्या खाचांवर सोडतो. पद्धत कोणतीही निवडली, तरी समूहातील सर्व सर्व्हरांवर एकच निवड असणे अनिवार्य आहे. एक सर्व्हर युनिकास्ट आणि दुसरा मल्टिकास्ट असेल तर समूह जुळतच नाही.

५. प्रत्येक सर्व्हरला दोन अडॅप्टर कशासाठी?

युनिकास्ट पद्धतीत दोन्ही सर्व्हरांचा मॅक पत्ता एकच झाल्याने ते पुढील अडॅप्टरवरून एकमेकांशी सहजी बोलू शकत नाहीत. याखेरीज डेटाबेसशी होणारा संवाद, बॅकअप आणि देखभाल ही कामे विद्यार्थ्यांच्या वाहतुकीत मिसळू नयेत, हेही महत्त्वाचे आहे. म्हणून प्रत्येक सर्व्हरला दोन अडॅप्टर द्यावेत आणि त्यांची कामे स्पष्टपणे वेगळी ठेवावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे.

आपल्या उदाहरणात पुढील अडॅप्टर १९२.१६८.१०.२१ व .२२ या पत्त्यांवर राहतील आणि समूहाचा .२० हा सामायिक पत्ता त्यांच्यावरच जोडला जाईल. मागील अडॅप्टर १९२.१६८.२०.२१ व .२२ या वेगळ्या उपजाळ्यात राहतील आणि डेटाबेस सर्व्हर १९२.१६८.२०.१० येथे त्याच उपजाळ्यात राहील. दोन्ही अडॅप्टरांचे पत्ते हाताने दिलेले असावेत. आपोआप मिळणारे पत्ते समूहाला चालत नाहीत.

या मांडणीत सर्वाधिक वेळा होणारी चूक बाहेर जाण्याच्या द्वाराविषयी असते. दोन्ही अडॅप्टरांच्या रकान्यात राउटरचा पत्ता भरण्याचा मोह होतो. तसे केल्यास पुढील दाराने आलेल्या मागणीचे उत्तर कधी पुढून, तर कधी मागून जाऊ लागते, आणि मागून गेलेले उत्तर विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. द्वाराचा पत्ता केवळ पुढील अडॅप्टरवर द्यावा. मागील अडॅप्टरचा तो रकाना कोरा ठेवावा. मागील बाजूस आणखी एखादे उपजाळे असेल, तर त्याच्यापुरता मार्ग स्वतंत्रपणे नोंदवावा. विंडोज सर्व्हर २००८ पासून प्रणाली एका अडॅप्टरवर आलेल्या मागणीचे उत्तर दुसऱ्या अडॅप्टरवरून पाठविण्यास सहसा नकार देते. त्यामुळे जुन्या प्रणालीवर कसेबसे चालणारे उलटे द्वार नव्या प्रणालीवर अजिबात चालत नाही. तसेच मागील अडॅप्टरचा पत्ता नामसूचीत नोंदला जाणार नाही याचीही खबरदारी घ्यावी. अन्यथा सर्व्हरच्या नावाने शोध घेणारा संगणक चुकीच्या दाराशी जाऊन थांबतो.

६. संलग्नतेचा प्रश्न : सर्व विद्यार्थी एकाच सर्व्हरवर का गेले?

अर्ज भरताना विद्यार्थी एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो. पहिले पान पहिल्या सर्व्हरने आणि दुसरे पान दुसऱ्याने हाताळले, तर दुसऱ्या सर्व्हरला पहिल्याची नोंद ठाऊक नसते आणि विद्यार्थ्याला पुन्हा प्रवेशिका भरावी लागते. हे टाळण्यासाठी एका पत्त्यावरून येणारा प्रत्येक विद्यार्थी नेहमी त्याच सर्व्हरकडे जावा, अशी सोय असते. तिला संलग्नता म्हणावे. एकेरी संलग्नतेत संपूर्ण आयपी पत्ता विचारात घेतला जातो. संलग्नता नसल्यास पत्त्याबरोबर जोडणीचा क्रमांकही विचारात येतो व प्रत्येक नवी जोडणी वेगळ्या सर्व्हरकडे जाऊ शकते.

येथे ग्रामीण भागाची एक विशेष अडचण लक्षात घ्यावी लागते. सायबर कॅफे, सेतू केंद्र किंवा शाळेची प्रयोगशाळा यांतील सर्व संगणक बाहेरच्या जगाला बहुधा एकाच आयपी पत्त्याने दिसतात. मोबाइल कंपन्याही असंख्य ग्राहकांना मोजक्या पत्त्यांआड ठेवतात. समजा, तीन केंद्रांतून प्रत्येकी तीस विद्यार्थी अर्ज भरीत आहेत. सर्व्हरच्या दृष्टीने ते नव्वद विद्यार्थी नसून तीन पत्ते आहेत. एकेरी संलग्नतेत हे तिन्ही पत्ते एकाच सर्व्हरच्या वाट्याला येण्याची शक्यता चारात एक इतकी असते. तसे झाल्यास एक सर्व्हर नव्वद विद्यार्थ्यांखाली वाकतो आणि दुसरा मोकळा बसतो. महाविद्यालयाची अग्निभिंत येणाऱ्या सर्व पाकिटांवर स्वतःचाच पत्ता लिहीत असेल, तर परिस्थिती याहून बिकट होते. मग सर्व जगच एका पत्त्यावरून आल्यासारखे दिसते.

यावरील खरा उपाय अडॅप्टरच्या पातळीवर नसून कार्यप्रणालीच्या पातळीवर आहे. विद्यार्थ्याच्या सत्राची नोंद सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर न ठेवता सामायिक डेटाबेसमध्ये ठेवावी. मग कोणतेही पान कोणत्याही सर्व्हरने हाताळले तरी बिघडत नाही, आणि संलग्नता काढून टाकून भार खऱ्या अर्थाने वाटता येतो.

७. वेग, केबल आणि खारी हवा

समूहाची मांडणी निर्दोष असूनही अडॅप्टर आणि स्विच यांच्यातील साध्या विसंवादाने सारे श्रम वाया जाऊ शकतात. वेग आणि एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलण्याची सोय या दोन गोष्टी अडॅप्टर व स्विच परस्परांत ठरवून घेतात. एका बाजूस हे हाताने शंभर मेगाबिट व दुहेरी असे ठरवून दिले आणि दुसरी बाजू स्वयंचलित ठेवली, तर स्वयंचलित बाजूला दुसऱ्याकडून काहीच उत्तर न मिळाल्याने ती एकेरी दिशा गृहीत धरते. थोड्या वाहतुकीत हे कळत नाही. गर्दी वाढताच दोन्ही बाजूंची पाकिटे आपसांत आदळून नष्ट होऊ लागतात. म्हणून दोन्ही बाजू स्वयंचलित ठेवाव्यात, अथवा दोन्ही बाजू सारख्याच ठरवून द्याव्यात. तांब्याच्या केबलवरील गिगाबिट वेगासाठी तर परस्पर ठरविण्याची ही प्रक्रिया अत्यावश्यकच आहे.

किनाऱ्यावरील दमट व खाऱ्या हवेचा येथे स्वतंत्र उल्लेख करावयास हवा. केबलच्या टोकावरील धातूचे संपर्क गंजले की जोडणी तुटत नाही, तर अधूनमधून चुकते. दिवा लागलेला दिसतो, परंतु अडॅप्टरच्या त्रुटी मोजणाऱ्या नोंदीतील आकडा वाढत राहतो. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर हा आकडा तपासणे आणि संशयित टोके बदलणे हा स्वस्त व परिणामकारक उपाय आहे.

८. जोडअडॅप्टर, आभासी यंत्रे आणि लिनक्सचा मार्ग

एकाच सर्व्हरमधील दोन अडॅप्टर एकत्र बांधून त्यांना एकच मानणे याला टीमिंग किंवा बाँडिंग म्हणतात. त्याचे प्रमाणक २००० मध्ये आले. भारसंतुलन आणि टीमिंग यांची गल्लत होऊ देऊ नये. टीमिंग एका यंत्राच्या केबली वाढविते, भारसंतुलन यंत्रे वाढविते. टीमिंगमध्ये एका संवादाची पाकिटे साधारणतः एकाच केबलवरून जातात. त्यामुळे दोन केबली लावल्याने एका विद्यार्थ्याचा वेग दुप्पट होत नाही. तिचा खरा लाभ एक केबल निकामी झाल्यावर दिसतो.

दोन्ही वेब सर्व्हर एकाच भौतिक यंत्रावरील आभासी यंत्रे असतील, तर ते यंत्र बंद पडताच समूहही बंद पडतो, हे उघड आहे. शिवाय आभासी स्विच सुरक्षेच्या कारणास्तव मॅक पत्ता बदलू देत नाहीत. युनिकास्ट पद्धतीसाठी आभासी अडॅप्टरला ही परवानगी स्पष्टपणे द्यावी लागते, अन्यथा समूह जुळला असे पडद्यावर दिसते, पण पाकिटे पोहोचत नाहीत.

लिनक्स प्रणालीवर वेन्सोंग झांग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर हा प्रकल्प प्रसिद्ध आहे. त्याच्या थेट मार्गाच्या पद्धतीत पुढे एक वाटप-यंत्र असते आणि मागील प्रत्येक सर्व्हरवर समूहाचा पत्ता अंतर्गत आभासी अडॅप्टरवर नोंदलेला असतो. ‘हा पत्ता कोणाचा?’ या विचारणेला केवळ वाटप-यंत्रानेच उत्तर द्यावे, मागील सर्व्हरांनी गप्प राहावे, अशी तजवीज एआरपीविषयीच्या दोन मापदंडांनी करावी लागते. ती विसरल्यास मागील एखादा सर्व्हर मधेच उत्तर देतो आणि सारा भार त्याच्याकडे वळतो. नव्या उभारणीत विली तारो यांनी २००१ पासून विकसित केलेल्या एचएप्रॉक्सीसारख्या मुक्त मध्यस्थांचा वापर अधिक होतो. हा मध्यस्थ मागील सर्व्हरचे वेब पान खरोखर उघडते की नाही, हे ठरावीक अंतराने तपासतो. विंडोजच्या समूहाला हे कळत नाही. त्यातील सर्व्हर दर सेकंदाला आपण जिवंत असल्याचा संदेश देतात आणि असे पाच संदेश चुकले की समूह नव्याने जुळतो. पण यंत्र चालू असून केवळ वेब सेवा गोठली असेल, तर संदेश येत राहतात आणि विद्यार्थीही त्या गोठलेल्या दाराकडे पाठविले जातात. मध्यस्थ वापरताना मात्र तो एकटा असू नये. दोन मध्यस्थ ठेवून, प्रमुख थांबताच राखीवाने सामायिक पत्ता आपल्याकडे घ्यावा, अशी सोय करावी.

९. प्रत्यक्ष वापरापूर्वीच्या चाचण्या

प्रवेशप्रक्रियेच्या किमान पंधरा दिवस आधी पुढील चाचण्या घेऊन त्यांची लेखी नोंद ठेवावी.

(१) महाविद्यालयाबाहेरून, मोबाइलच्या जोडणीवरून समूहाचा पत्ता उघडून पाहावा.
(२) अर्ज अर्धा भरलेला असताना पहिल्या सर्व्हरची पुढील केबल काढावी. सेवा किती सेकंदांत पूर्ववत होते व अर्धा अर्ज शिल्लक राहतो का, हे पाहावे.
(३) केबल जागेवर ठेवून केवळ वेब सेवा थांबवावी. विद्यार्थी अद्यापही त्याच सर्व्हरकडे पाठविले जात असतील, तर सेवेवर लक्ष ठेवून तो सर्व्हर समूहातून आपोआप बाहेर काढण्याची व्यवस्था करावी.
(४) मागील केबल काढावी. डेटाबेस तुटलेला सर्व्हर अर्ज स्वीकारतो आणि गमावतो, असे तर होत नाही ना, हे तपासावे.
(५) प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवरून एकाच वेळी कागदपत्रे पाठवावीत व त्या वेळी कार्यालयातील संगणकाचा वेग पाहावा. अपाची जेमीटर या मोफत साधनाने कृत्रिम भारही निर्माण करता येतो.
(६) दोन्ही सर्व्हरांनी हाताळलेल्या मागण्यांची संख्या ताडून पाहावी. ती निम्मी निम्मी असेलच असे नाही, पण एकाची शून्याजवळ असेल तर संलग्नतेचा फेरविचार करावा.

१०. मर्यादा आणि समारोप

भारसंतुलनाने सर्व संकटे टळत नाहीत, हेही नमूद करावयास हवे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा अनेक गावांचा वीजपुरवठा दिवसेंदिवस खंडित राहिला. दोन सर्व्हर एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर आणि एकाच फायबर केबलवर अवलंबून असतील, तर त्यांच्या दोन असण्याला अशा वेळी अर्थ उरत नाही. कोणता दुवा एकटा आहे, ही तपासणी सर्व्हरपाशी न थांबता स्विच, राउटर, वीज आणि इंटरनेट जोडणी यांच्यापर्यंत न्यावी लागते. ज्या महाविद्यालयांना हे परवडणार नाही त्यांनी सेवा बाहेरच्या डेटा केंद्रात ठेवणे श्रेयस्कर; पण तेथेही संलग्नता, सत्राची नोंद आणि सेवेच्या प्रकृतीची तपासणी हे प्रश्न तसेच राहतात व ते विचारणारा माणूस महाविद्यालयात असावा लागतो.

सारांशाने असे म्हणता येईल : प्रत्येक अडॅप्टरला एकच काम द्यावे; बाहेरचे द्वार एकाच अडॅप्टरवर असावे; समूहाच्या पत्त्याला कोण उत्तर देणार हे स्विच व राउटर यांच्यासह निश्चित करावे; आणि विद्यार्थ्याच्या कामाची नोंद कोणत्याही एका सर्व्हरच्या पोटात ठेवू नये. यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही. लागतो तो नियोजनाचा वेळ. खरेदीची निविदा तांत्रिक साहाय्यकाच्या हाती देऊन प्राध्यापकवर्गाने त्यातून अंग काढून घेणे योग्य नव्हे. प्रवेश समितीच्या सभेत जागांच्या आरक्षणाची आणि शुल्काची चर्चा जशी होते, तशीच ‘आपण केबल काढून पाहिली का?’ या प्रश्नाचीही व्हावी. अखेरच्या दिवशी दुपारी चारच्या एस.टी.ने गावी परतावयाचे असलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा प्रश्न आरक्षणाइतकाच न्यायाचा आहे.